तात्या आणि सरळ पाइप

आमच्या घरात सायलेन्सर हा शब्द आजही दबक्या आवाजात उच्चारतात.

गोष्ट दोन हजार तीन-चार सालातली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. अंगानं वाढलो होतो, अक्कल यायची होती. (आई म्हणते, ती अजून वाटेतच आहे.) आमचा मळा गंगापूर रोडच्या पलीकडे, पाटाच्या कडेला. गुलाब, शेवंती, थोडा झेंडू. आजूबाजूचे मळे एकेक करून बिल्डिंगांखाली गेले होते, आमचाच तेवढा उरला होता. घरात माणसं तीन. माझे वडील म्हणजे तात्या, आई आणि मी. चौथी गाडी. जुनी टर्बो डिझेल, मागची सीट काढून फुलांच्या जुड्या रचायला जागा केलेली.

गाडी तात्यांनी घेतली, तात्यांनीच चालवली. मग एके दिवशी अचानक किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गुडघा धरतो. आता तू चालव." मला इतका आनंद झाला की मी गुडघ्याची चौकशीसुद्धा केली नाही!

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्हाला ती वेळेवर कळली नाही, निदान तुम्हाला तरी कळावी. तात्यांचा गुडघा ठणठणीत होता. जात होते ते डोळे. काचबिंदू. कडेकडेचं दिसेनासं होत होत मधे थोडंसं उरलं होतं, आणि तेही धुरकट. तात्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. नुसती कळी बघून 'ही उद्या उमलंल, ही परवा' असं सांगणारा माणूस तो. फूलबाजारात लोक त्यांच्याकडून माल तपासून घ्यायचे. त्यांना दिसत नाही हे लोकांना कळलं असतं, तर तात्या जिवंतपणी मेले असते.

आणि लपवण्यात काय उस्ताद! रोज सकाळी ओट्यावर पेपर उघडून बसायचे. अर्ध्या तासानं घडी घालायची आणि जाहीर करायचं, "काय नाय आज पेपरात." एकदा मी म्हटलं, "तात्या, हा परवाचा आहे." तर शांतपणे म्हणाले, "परवा बी काय नव्हतं." गुलाबाची जुडी बांधताना वीस फुलं बोटांनी मोजायचे, एक फूल कमीजास्त व्हायचं नाही. आम्ही कौतुक करायचो. काय हात आहे तात्यांचा!

सगळ्यात मोठं कौतुक त्यांच्या कानाचं. मी फूलबाजारातून परत यायचो तेव्हा गाडी पाटाच्या वळणावर असतानाच तात्या ओट्यावरून उठायचे, काही न चाचपडता फाटकापर्यंत जायचे, फाटक उघडायचे आणि हात वर करून उभे राहायचे. गाडी थांबली की म्हणायचे, "वळणाला दुसऱ्यात आणलीस. तिसऱ्यात चढती ती, उगा तिला रडवू नको." त्या आवाजाच्या दोरीला धरून त्यांचं सगळं चाललं होतं. फाटक कुठे, ओटा कुठे, मुलगा कुठे, सगळं त्या दोरीवर. ती दोरी मी दीड तासात कापली. वेल्डिंगच्या मशीननं.

त्याचं असं झालं. पेठच्या घाटात मला दुधाच्या टेम्पोनं ओव्हरटेक केलं. टेम्पोनं! आणि वर त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून मला 'ये, ये' अशी खूण केली. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी मी सातपूरला राजू वेल्डरच्या दुकानात होतो.

राजू गाडीखाली सरपटत गेला, आणि खालूनच आवाज आला, "भाऊ, गाडीचा दम कोंडलाय."

"म्हणजे?"

"टर्बो आतून फुंकतो, आणि पुढे हे दोन डबे बसलेत तोंड दाबून. सायलेन्सरच उडवून टाकू. सरळ पाइप मारतो, मोठ्या बोअरचा, रुंद. मग बघा, गाडी नाही, घोडं!"

"ॲव्हरेजला फरक पडेल का?"

"वाढंल की!"

(सायलेन्सर काढल्यानं ॲव्हरेज वाढतं, आवाज वाढतो, इज्जत वाढते असं राजूचं म्हणणं होतं. तीनपैकी एक गोष्ट खरी निघाली.)

संध्याकाळी मी घराकडे निघालो तेव्हा अर्ध्या गंगापूर रोडला कळलं की मी घराकडे निघालोय. खालून ढगांचा गडगडाट, वरून टर्बोची शिट्टी. कुत्री एक किलोमीटर पाठलाग करून दमून बसली. पाटाच्या वळणावर मी मुद्दाम तिसऱ्यात घातली आणि वाट बघायला लागलो की आता तात्या फाटक उघडतील.

फाटक उघडलं नाही. मीच उतरून उघडलं, गाडी आत घातली, तर तात्या अंगणाच्या बरोबर मधोमध उभे! एकदा डावीकडे मान, एकदा उजवीकडे. आवाज समोरच्या बिल्डिंगवर आपटून चारी बाजूंनी येत होता. मी ब्रेक मारला तेव्हा बंपर त्यांच्या धोतराला लागला होता.

"तात्या! समोर गाडी दिसत नाही का?" मी ओरडलो.

आज हे वाक्य आठवलं की मी जिथे असेन तिथे मान खाली घालतो.

तात्या ओट्याकडे गेले. दोनदा पायरी चुकले. बसले, आणि मग म्हणाले, "दिल्या, काय केलंस गाडीला?"

"सरळ पाइप टाकलाय! पिकअप बघा आता!"

"सायलेन्सर बसव जुना. हा आवाज बरा नाय."

"अहो, काय वाईट आहे त्यात?"

"बसव म्हणलं ना."

आणि मी, बारावीला दोनदा बसलेला विद्वान, म्हणालो, "तात्या, तुम्हाला गाडीतलं काय कळतं!"

झालं. गाडीचा काढलेला सायलेन्सर तात्यांनी स्वतःच्या तोंडाला बसवला. अबोला! आमच्या घराण्यात अबोला धरायची जुनी रीत आहे. माझ्या चुलत आजोबांनी सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता, तोही एका ताटात जेवून. तात्या त्याच मातीतले. समोर मी बसलेलो असताना ते आईला सांगायचे, "तुझ्या लेकाला सांग, शेवंतीला पाणी सोड म्हणावं." मी आईला म्हणायचो, "त्यांना सांग, सोडलंय." आई म्हणायची, "मेल्यांनो, मी काय पोस्टमन हाय?"

आई तशी माझ्या बाजूची. पण तिसऱ्या दिवशी तीही तात्यांच्या बाजूला गेली. मार्च लागला होता, तिनं अंगणात खाटेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातल्या होत्या. राजूनं पाइपचं तोंड एका बाजूला वळवलं होतं, स्टाइल म्हणून. मी गाडी चालू केली, जोरात रेस दिली, आणि काळ्या धुराचा एक लोट बरोबर खाटेवर गेला. आई पीठ-चीक सगळं टाकून धावत आली, कुरडयांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"गव्हाच्या कुरडया होत्या रे माझ्या! काळ्या नागलीच्या करून टाकल्यास!"

"आई, धुतल्या तर..."

"कुरडया धुत्यात होय, भाड्या! आज जा आणि ते जुनं बसवून आण. त्याबिगर घरात पाय ठेवू नको."

दुसऱ्या दिवशी तात्यांना चांदोरीला आत्याकडे सोडायचं ठरलेलं होतं. मी तात्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं आईला म्हणालो, "उद्या सकाळी सायलेन्सर बसवूनच आणतो. दहा वाजता येतो. त्यांना म्हणावं तयार राहा."

त्या रात्री तात्या दोन भाकरी जास्त जेवले. मला वाटलं, बाजरीच्या आहेत म्हणून.

सकाळी मी राजूकडे गेलो. सायलेन्सर बसवायला? छे! राजू म्हणाला, "जुना कशाला? पाइपला आत जाळी टाकतो. आवाज निम्मा, पिकअप तेवढंच." मी मुंडी हलवली. म्हाताऱ्याला काय कळतंय, थोडा कमी झाला की बास. जाळी टाकता टाकता अकरा वाजले. आवाज निम्मा झाला नाही, नुसता घोगरा झाला.

आणि तिकडे दहाला, बरोबर दहाला, फाटकापाशी एक गाडी येऊन उभी राहिली.

ती होती पोतनीससाहेबांची. पोतनीससाहेब म्हणजे पलीकडच्या नव्या बंगल्यातले, रिटायर्ड पोस्टमास्तर. बायको वारलेली, एक लग्नाची मुलगी. अत्यंत सज्जन माणूस. इतका सज्जन, की रांगेत मागचा माणूस पुढे घुसला तर हेच त्याला सॉरी म्हणायचे. आमची गाडी बघून त्यांनीही त्याच मॉडेलची जुनी गाडी घेतली होती. त्या दिवशी ते मुलीसाठी स्थळ बघायला निफाडला निघाले होते, आणि पाहुण्यांकडे न्यायला दोन जुड्या गुलाब घ्यायला थांबले. गाडी चालू ठेवूनच ते शेडमध्ये बांधून ठेवलेल्या जुड्या आणायला गेले.

तात्या ओट्यावर टोपी-धोतरात तयार बसले होते. त्यांनी आवाज ऐकला. तो जुना, भरलेला, खालच्या पट्टीतला आवाज! पोरानं ऐकलं! ते उठले, पिशवी घेतली, फाटकाशी गेले, हातानं दाराचा खटका शोधला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

पोतनीससाहेब गुलाब घेऊन आले, मागे ठेवले, आणि बघतात तर शेजारच्या सीटवर मळ्यातले तात्या! पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"मी नुसतं ता... म्हणालो, तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, काही बोलू नको. चल. आता वडीलधारा माणूस बोलू नको म्हणतोय, तर मी कसा बोलणार हो दिलीपराव?"

दुसरा कुणी असता तर बोलला असता. पोतनीससाहेब नाही बोलले. गाडीत गुलाबाचा वास, खाली ओळखीचा आवाज, शेजारी गप्प बसलेला मुलगा. गप्प का, तर अबोला चालू आहे! तात्यांच्या हिशेबात सगळं जुळत होतं. नांदूर नाका गेला, माडसांगवी गेली. पोतनीससाहेब मनात म्हणत होते, कुठे उतरायचं ते सांगतील. शिलापूर गेल्यावर तात्या बोलले.

"बसवलास ना? बरं केलंस."

पोतनीससाहेबांना कळेना काय बसवलं. ते "हं" म्हणाले.

"रागावलो तुझ्यावर. पण कारण नाय सांगितलं. सांगायची लाज वाटली." तात्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरली. "मला दिसत नाय रे पोरा. वरीस होऊन गेलं. आधी कडंचं गेलं, आता मधलं बी धुरात गेल्यासारखं. गुडघा-बिडघा काय नाय मला. गाडी वळणावर आली की त्या आवाजावर मी उठायचो. फाटक तिकडं, तू तिकडं, समदं लागायचं हाताला. तू तो आवाज काढून टाकला, आन् मी आंगणात उभा राहून मला माझं घर सापडंना. लय भ्यालो त्या दिवशी. माझ्याच आंगणात!"

पोतनीससाहेब गाडी चालवत होते आणि रडत होते.

"तुझ्या आईला नको सांगू. ती उगा जिवाला लावून घेईल. तुला सांगितलं, बास झालं. आता तू धर मला."

असं म्हणून तात्यांनी हात पुढे केला. पोतनीससाहेबांना काय करावं सुचेना. स्टेअरिंगवरचा एक हात काढून त्यांनी तो तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो हात धरला, अंगठ्यानं एकदा तळवा चोळला, बोटांची टोकं चाचपली, आणि चाचपता चाचपता थांबले.

गुलाब तोडणाऱ्याच्या बोटांना काट्यांचे घट्टे असतात. पोस्टमास्तरच्या नसतात.

"हा काट्यातला हात नाय," तात्या म्हणाले. "कोण बाबा तू?"

"मी... मी पोतनीस. तुमच्या शेजारच्या बंगल्यातला."

चांदोरीच्या फाट्यावर पोतनीससाहेबांनी गाडी बाजूला घेतली. "तात्या, मला क्षमा करा. मी तुम्हाला परत घरी सोडतो."

"तुम्ही कुठं निघालात?"

"मुलीसाठी स्थळ आहे, निफाडला. बघायला."

"एकटेच?"

"आता कोण आहे हो मला बरोबर यायला."

तात्यांनी टोपी सारखी केली. "मुलीचा बाप एकटा जातो होय कुठं स्थळ बघाय? चला. मी येतो. मोठं माणूस पायजे बैठकीला."

तर अशा रीतीनं माझे वडील, एका अनोळखी मुलीचे थोरले काका म्हणून निफाडच्या बैठकीला गेले! तिथे त्यांनी काय उजेड पाडला ऐका. एक तगडे गृहस्थ पुढे येऊन नमस्कार करून समोर बसले. तात्या वाकून प्रेमानं म्हणाले, "काय बाळ, शिक्षण किती झालं? काम काय करतोस?" ते नवऱ्या मुलाचे वडील होते, वय अठ्ठावन्न. पोतनीससाहेब म्हणाले, "दिलीपराव, मला वाटलं संपलं सगळं." पण ते गृहस्थ खो खो हसत सुटले. म्हणाले, "आज तीस वर्षांनी कुणीतरी बाळ म्हटलं मला!" मग त्यांनी बागेतला द्राक्षांचा घड आणून तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी एक मणी बोटांत फिरवला आणि म्हणाले, "शेवटचं पाणी जास्ती सोडलंत. साल पातळ पडली. लांबच्या बाजारात नेऊ नका, वाटंत फुटंल." बागाईतदार गारच पडला! आदल्याच आठवड्यात त्याचा माल वाटेत फुटला होता. लग्न तासाभरात ठरलं. मुलीच्या पत्रिकेकडे कुणी बघितलंही नाही.

इकडे मी साडेअकराला घोगरी गाडी घेऊन घरी आलो, तर आई फाटकात.

"तात्या कुठं हायेत?"

"मला काय माहीत? मी आत्ता येतोय!"

"अरे, दहाला गाडी आली, आवाज ऐकला मी स्वयंपाकघरातून! मग ओट्यावर बघते तर ते नाहीत. मला वाटलं तू घेऊन गेलास!"

मी मळा पालथा घातला. शेजारचे लोक जमले. कुणीतरी विहिरीत बघा म्हणालं आणि आईनं तोंडात पदर कोंबला. विहिरीत गळ टाकला. तीन वर्षांपूर्वी पडलेली कळशी वर आली. ती बघून आई आणखी रडायला लागली. मी गाडी घेऊन रस्त्यानं सुटलो. दिसेल त्याला विचारायचो, "आमच्या तात्यांना बघितलंत का?" लोक कानाला हात लावायचे, "काय?" "तात्या! तात्या!" "टाट्या? इथे नाही मिळत!" अख्ख्या गंगापूर रोडला माझा आवाज ऐकू येत होता, पण माझं बोलणं एकालाही ऐकू येत नव्हतं.

सिग्नलला ट्रॅफिक हवालदारानं गाडी अडवली.

"काय हा आवाज! लायसन काढ."

"साहेब, वडील घरातून निघून गेलेत!"

"मग काय करतील बिचारे?" हवालदार पाइपकडे बघत म्हणाला. "मीसुद्धा गेलो असतो."

त्यानं पावती फाडली. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडलो. तेव्हा मात्र तो घाबरला, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "सापडतील रे. जा घरी."

चार वाजता पाटाच्या वळणावर आवाज आला. आमच्या गाडीचा! मी चक्रावलो, कारण आमची गाडी अंगणात माझ्या समोर उभी होती. पोतनीससाहेबांची गाडी थांबली, तात्या उतरले, फाटक धरलं आणि सरळ ओट्याकडे चालत गेले. पायरी चुकले नाहीत. एवढी माणसं जमलेली बघून, म्हणजे ऐकून, म्हणाले, "काय झालं? कुणाकडं काय कार्य हाय का? ए, चहा टाक. लग्न जमवून आलोय."

अंधार पडायच्या आधी पोतनीससाहेबांनी मला कुंपणापाशी बोलावलं. चष्मा काढून पुसला.

"दिलीपराव, छत्तीस वर्षं पोस्टात काढली. दुसऱ्याचं पत्र कधी उघडलं नाही. आज तुमच्या नावाचं पत्र माझ्या हातून उघडलं गेलं. मला माफ करा."

आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. 'आता तू धर मला' हे त्यांनी दोनदा सांगितलं. जे मला ऐकायचं होतं ते मी कुंपणापलीकडून ऐकलं, परक्या माणसाच्या तोंडून. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि आईला म्हणालो, "आई, तात्यांना दिसत नाही."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "माहीत हाय मला. वरीसभर पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताला लागंल असा ठेवते. सांगू नको त्यांना, मला ठाऊक हाय ते. त्यांच्या जिवाला लागंल."

म्हणजे तात्या आईपासून लपवत होते, आई तात्यांपासून. आणि घरात ज्याचे दोन्ही डोळे उत्तम होते त्याला पाइप सोडून काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजूच्या दुकानात. "माझा जुना सायलेन्सर दे."

"तो तर गेला ना भाऊ!"

"कुठे गेला?"

"ते पोस्टमास्तर नाहीत का तुमच्या शेजारचे? त्यांचा सडून गेला होता. सेम मॉडेल. म्हटलं तुम्हाला तर नकोच आहे. तीन दिवस झाले बसवून त्यांना."

मी राजूच्या टायरच्या ढिगावर मटकन खाली बसलो. तात्यांचा कान चुकलाच नव्हता! तो आवाज आमच्याच गाडीचा होता. तात्या बरोबर त्यांच्याच आवाजात जाऊन बसले होते. चुकीच्या गाडीत होतो तो मी.

पोतनीससाहेब लगेच म्हणाले, "घेऊन जा हो." पण मुलीचं लग्न दोन महिन्यांवर, त्यांची रोज धावपळ, गाडी दुकानात अडकवायला मलाच लाज वाटली. लग्न होईपर्यंत राहू दे म्हटलं, आणि माझ्या गाडीला नवा कोरा सायलेन्सर बसवला. तर तो इतका गुणी निघाला, की आता गाडी अंगणात येऊन उभी राहिली तरी तात्यांना कळायचं नाही! मी जवळ जाऊन "तात्या" म्हटलं की ते दचकायचे. आधी घाबरायचे, आता दचकायला लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेलं. 'गुडघ्यासाठी' म्हणून नेलं. त्यांनीही 'गुडघ्यासाठी' म्हणून डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी काही वर्षं टिकेल. वर्षभर आधी आणायला हवं होतं. मी दिवसातून दोनदा थेंब घालायला लागलो. अबोला सुटला होता, पण बोलणं "मान वर करा" आणि "झालं का" एवढंच. गाडीतलं ते बोलणं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एकदा मन मोकळं केलं होतं त्यांनी. आता तेच परत कसं करणार?

पोतनीससाहेब मात्र रोज संध्याकाळी घरी परतताना आधी गाडी घेऊन आमच्याकडे यायचे. वळणावर तो आवाज आला की तात्या उठून फाटक उघडायचे, हात वर करायचे. मग दोघं ओट्यावर बसून तासभर बोलायचे. मी गेलो की गप्प.

लग्न झालं. मी दोन्ही गाड्या राजूकडे नेल्या, जुना सायलेन्सर आमच्या गाडीला परत बसवून घेतला आणि नवा पोतनीससाहेबांच्या. येताना पाटाच्या वळणावर गाडी तिसऱ्यात घातली. ओट्यावर तात्या उठले! चालत आले! फाटक उघडलं, हात वर केला! मी गाडी बंद करून खाली उडी मारली, आणि तात्या चेहराभर हसून म्हणाले, "या पोतनीससाहेब, या!"

'मी आहे' म्हणायला मी तोंड उघडलं. पण तसं हसू तात्यांच्या चेहऱ्यावर मी माझ्यासाठी कधी बघितलं नव्हतं. ते पुसून टाकायचा धीर झाला नाही. मी मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसलो. तात्या शेजारी बसले, जरा वेळानं म्हणाले, "दिल्या अजून आला नाय बाजारातून. डोळ्यात थेंब घालतो ना माझ्या, तेव्हा हात थरथरतो त्याचा. रडतो बहुतेक. मला वाटतं, धरावा तो हात. पण मग दोघं बी रडू, आन् ती आत ऐकंल." मग हळूच हसले. "पोरगा वाईट नाय हो माझा. आवाज तेवढा लय करतो."

मी "हं" म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोललो, आणि तेही पोतनीससाहेब म्हणून.